ढमीला भूल चालत नाही

बंडलरावांनी पस्तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली. तेवढ्या काळात गाडी कुठे ठोकली नाही. ठोकल्या त्या फक्त गप्पा. घाटात एकदा धुकं इतकं दाट होतं म्हणे, की यांनी वायपरने त्याच्या वड्या पाडल्या आणि रस्त्याकडेला टाकत टाकत गाडी वर काढली. दुसऱ्या दिवशी खालच्या गावातल्या बायकांनी त्या उशांत भरायला नेल्या. डेपोत त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना ते बंडलराव.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मोडीत निघालेली एक बस घेतली, आतली बाकं उपटली, पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली आणि संसार चाकांवर चढवला. बायको तीस वर्षं तिसरीच्या वर्गावर शिकवत होती, म्हणून शेजारीपाजारी तिला बाई म्हणत आणि नवराही बाईच म्हणे. बाईंना भटकायची हौस काडीची नव्हती. पण नवऱ्याचा जीव चार भिंतींत रमेना, तेव्हा त्यांनी कुंड्या वाटून टाकल्या, घराच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात दिल्या आणि सोबत घेतली ती एकटी ढमी. ढमी म्हणजे पिवळट रंगाची, आखूड पायांची कुत्री. चालायची मात्र अशी, की सगळा रस्ता हिच्या माहेरून आंदण आलाय. लेक सासरी गेली त्याच आठवड्यात ती दारात येऊन बसली होती. बाईंनी त्याला योगायोग कधी म्हटलं नाही.

चाकांवरच्या घरात माणसाचं दुखणं कसंही निभतं, जनावराचं निभता निभत नाही. माणसाला निदान सांगता तरी येतं, कुठे दुखतंय ते. एका जागी राहणाऱ्या कुत्र्याचा एक डॉक्टर असतो. तो त्याला पिल्लू असल्यापासून ओळखतो. ढमीला दर महिन्याला नवा डॉक्टर, आणि नवा डॉक्टर म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात: वय काय, लशी कोणत्या झाल्या, जंताचं औषध कधी दिलं. म्हणून बाईंनी वही घातली. खाकी कव्हर, वर चिकटपट्टी, डाव्या हाताला समास. ढमी कधी शिंकली तेही तारखेसकट त्यात सापडेल.

कामाची वाटणी ठरलेली होती. मुक्कामी गाडी लागली की बाई पाणी भरायच्या, गॅसचं बघायच्या, कपडे धुऊन आणायच्या. बंडलराव ढमीला दवाखान्यात न्यायचे. संध्याकाळी ते सांगायचे आणि बाई वहीत उतरवून घ्यायच्या. सगळी मेख इथेच होती.

कारण परगावच्या दवाखान्यात नुसतं जाऊन चालत नाही. काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणते, "अपॉइंटमेंट?" नाही म्हटलं की म्हणते, "पुढच्या मंगळवारी या." मंगळवारी बंडलराव तीनशे किलोमीटर पुढे गेलेले असायचे. पहिल्या दोन खेपांना ते मुकाट परतले. तिसऱ्या खेपेला जीभ वळवळली. "अहो ताई, साप चावलाय बहुतेक!" ताई ताडकन उठली, दार उघडलं. आत गेल्यावर बंडलराव डॉक्टरला म्हणाले, "साप होता की दोरी होती, देव जाणे. आलोच आहोत तर लस टोचून टाका आणि नखंही कापा." दहा मिनिटांत काम फत्ते.

मग चटकच लागली. कुठे ढमीने गांधीलमाशी गिळली, कुठे चालत्या बसच्या खिडकीतून उडी मारली. एका ठिकाणी तिने गाडीची किल्ली गिळली, आणि हे सांगताना तीच किल्ली बंडलरावांच्या बोटात गरगर फिरत होती.

संध्याकाळी हेच किस्से मीठमसाला लावून गाडीत यायचे. बाईंना धुक्याच्या वड्या ठाऊक होत्या; नवरा काय चीज आहे ते त्या ओळखून होत्या. पण मुक्या जिवाच्या दुखण्यावर कोणी थाप मारील, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्या लिहीत गेल्या.

ढमीला सहावं वर्ष लागलं तेव्हा तिची एक दाढ किडली. ती काढायची तर भूल द्यावी लागणार. डॉक्टर म्हणाले, तासाभराने या. दवाखान्याच्या मागे ट्रक उभे करायचं मैदान होतं आणि सावलीत चौघे पत्ते कुटत होते. पाचव्याची जागा रिकामी होती. बंडलराव डावावरून उठून ढमीला घेऊन आले तेव्हा उन्हं कलली होती. गाडीशी बाई धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं पायाशी घेऊन उभ्या होत्या, आणि चेहरा असा, की पट्टी हातात नव्हती इतकंच.

"कुठे होतात हो इतका वेळ?"

"काय सांगू बाई!" बंडलराव तिथेच पायरीवर बसले. "भूल दिली आणि हिचा श्वासच बंद! डॉक्टर घामाघूम. अर्धा तास छाती चोळत होता. तो थकला तेव्हा मी चोळली. मग कुठे डोळा उघडला."

बाईंनी ढमीला उचलून पोटाशी घेतलं आणि तशाच उभ्या राहिल्या. उशिराबद्दल पुन्हा चकार शब्द निघाला नाही. संध्याकाळी त्यांनी वहीत लाल शाईने लिहिलं: 'भूल चालत नाही. श्वास थांबला होता. पुन्हा देऊ नये.' खाली दोन रेघा. शेजारी त्या डॉक्टरचा फोन नंबर.

बंडलरावांनी ते पाहिलं. सांगून टाकावं असं वाटलंही. पण तेवढ्यात चहाचा कप पुढे आला, तोही न मागता. उद्या सांगू, म्हणाले.

त्यानंतर तीन गावच्या तीन डॉक्टरांनी त्यांना तेच सांगितलं: "हिची गर्भपिशवी काढून टाका. वय वाढलं की आत पू होतो, जिवावर बेततं." तिघांनीही वही उघडली, लाल ओळ वाचली आणि म्हणाले, "मग नको, राहू द्या." तिन्ही वेळा बंडलराव समोर होते. ओळ खोटी आहे म्हणावं, तर ऑपरेशन झालेली कुत्री घेऊन गाडीत शिरावं लागणार आणि बाईंना तोंड द्यावं लागणार. बंडलराव वही काखेत मारून परत आले. तिन्ही वेळा.

ढमीला नववं वर्ष लागलं आणि एका मुक्कामी ती पाणीच पाणी पिऊ लागली. भांडं भरावं, तिने रिकामं करावं. जेवणाकडे बघेना. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट तट्ट फुगलं आणि बाईंनी हाक मारली तरी शेपूट हलली नाही. त्या दिवशी पाणी, गॅस, कपडे सगळं टाकून बाई स्वतः दवाखान्यात आल्या. काउंटरवर काही बनवून सांगावंच लागलं नाही. मुलीने ढमीकडे एकदा पाहिलं आणि आपणहून दार उघडलं.

डॉक्टर तरुण होती, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पोटावर यंत्र फिरवून म्हणाली, "पिशवी पुवाने भरलीय. तोंड बंद असल्याने बाहेर येत नाहीये. आत्ताच्या आत्ता काढायला हवी. आधी कधी भूल दिली होती?"

बाईंनी वही पुढे केली. डॉक्टरने लाल ओळ वाचली आणि हातातली सुई ट्रेमध्ये ठेवून दिली.

"श्वास किती वेळ थांबला होता?"

बाई नवऱ्याकडे वळल्या. "अर्धा तास ना हो?"

"अर्धा म्हणजे..." बंडलराव भिंतीवरचा जंतांचा तक्ता बघू लागले. "तसा थोडाच."

"थोडा म्हणजे किती, काका? मला नीट सांगा."

"अशा वेळी घड्याळ कोण बघतंय?"

डॉक्टरने ओठ चावला. "मी इथे एकटी आहे. हिचं पुन्हा तसं झालं तर टेबलावरच जाईल. मोठं हॉस्पिटल चार तासांवर आहे. पण तेव्हा कुठलं औषध दिलं होतं तेवढं कळलं, तर दुसरं वापरून मी इथे करून बघेन. नंबर आहेच यात. थांबा, लावते फोन."

आता खरं सांगितलं असतं तर दोन वाक्यांत आटपत होतं. बंडलरावांना ते कळलंही. पण जीभ पुढे धावली, आणि अक्कल मागून धापा टाकत पोचली.

"ते डॉक्टर वारले."

"काय सांगता!" बाई म्हणाल्या. "कधी?"

"गेल्या साली. तू हळहळशील म्हणून बोललो नाही."

डॉक्टरने फोन खाली ठेवला, ढमीला एक इंजेक्शन दिलं आणि मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहिली. "जितकं लवकर पोचाल तितकं बरं. पिशवी वाटेत फुटली तर कठीण आहे."

ती बस पन्नासच्या वर गेली की भांडी वाजायला लागायची. त्या दिवशी बंडलरावांनी भांडी वाजू दिली. मागे पलंगावर ढमीचं डोकं मांडीवर घेऊन बाई बसल्या होत्या. पेट्रोलपंप आला, इथे सांगू म्हणाले, पंप गेला. रेल्वेचं फाटक लागलं. फाटक सात मिनिटं बंद होतं, आणि सात मिनिटांत माणूस जन्माचं पाप सांगू शकतो. बंडलराव स्टेअरिंगवरची धूळ पुसत बसले.

पाऊण तास झाला असेल. बाई म्हणाल्या, "अहो, डॉक्टर गेले तरी दवाखाना असेल ना? कोणीतरी चालवत असेल. जुने कागद बघून औषधाचं नाव तरी सांगतील."

"कशाला उगाच? दुःखात आहेत लोक."

"वर्ष झालं की." बाईंनी नंबर लावला. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर असायचा.

"हॅलो," पलीकडून जाड आवाज आला.

"नमस्कार. आमच्या कुत्रीची दाढ तुमच्याकडे काढली होती. आधी सांगते, डॉक्टरसाहेबांचं कळलं. फार वाईट झालं हो."

"कुठल्या डॉक्टरसाहेबांचं?"

"तुमच्याकडचे. वारले ना ते?"

"अहो, इथे मी एकटाच डॉक्टर आहे. आणि आज नाश्ता केला तेव्हा तरी जिवंत होतो."

बंडलरावांनी गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

"पिवळी, आखूड पायांची का?" आवाज पुढे बोलू लागला. "आठवते तर! वीस मिनिटांत उठून बसली होती. तुमचे मिस्टर मात्र तीन तास फिरकले नाहीत. दाराशी बसून वाट बघत होती बिचारी."

"भूल दिल्यावर तिचा श्वास..."

"श्वासाला काय झालं?"

बाईंनी वहीतल्या लाल ओळीवर बोट ठेवलं. मग वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाल्या, "काही नाही. औषधाचं नाव सांगता का? हो. स्पेलिंग सांगा. बरं. तुम्ही तब्येतीला जपा."

फोन बंद झाला.

"गाडी फिरवा."

"बाई, मी तुला सांगणारच..."

"गाडी फिरवा."

रस्त्याच्या मध्ये कठडा होता. गाडी फिरवायला जागा सहा किलोमीटर पुढे मिळाली. ते सहा किलोमीटर चुकीच्या दिशेने जाताना बंडलरावांनी पत्त्यांचं आणि त्या तीन डॉक्टरांचं सगळं सांगून टाकलं.

दवाखान्यात बाई ढमीला छातीशी धरून शिरल्या. "भूल चालते हिला," त्या डॉक्टरला म्हणाल्या. "हे औषध दिलं होतं. काही झालं नव्हतं. यांनी खोटं सांगितलं होतं."

डॉक्टरने बंडलरावांकडे पाहिलंसुद्धा नाही. घड्याळाकडे पाहिलं.

पिशवी वाटेतच कुठेतरी फुटली होती. ढमी टेबलावर दगावली नाही. भूल तिला तेव्हाही चालली होती तशीच आत्ताही चालली. पण विष रक्तात भिनलं होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाली, "किडन्यांना मार बसलाय. रोज सलाईन, दर आठवड्याला रक्त तपासायचं. आता हिला गावोगाव हलवता येणार नाही. एकाच डॉक्टरच्या हाताखाली राहायला हवं."

"बरी होईल?" बंडलरावांनी विचारलं.

"दिवस काढेल," डॉक्टर म्हणाली, तेही बाईंकडे बघून. "किती, ते मी नाही सांगू शकत. त्या दिवशी सकाळीच केलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत बाईंनी एक खोली बघितली. वरच्या मजल्यावर, एका खिडकीची. खाली घरमालकीण शिवणकाम करायची. बंडलरावांनी बसमधून बाईंची ट्रंक आणली, शेगडी आणली, ढमीची चटई आणली. प्रत्येक खेपेला वाटायचं, बाई आता काही बोलतील, निदान ओरडतील तरी. बाई फक्त बोट दाखवायच्या, कुठे ठेवायचं ते.

शेवटच्या खेपेला घरमालकीण मशीन थांबवून, गळ्यातल्या टेपसकट वर आली. चटईवरच्या ढमीकडे वाकून बघत म्हणाली, "अगं बाई, केवढे टाके! काय झालं हो हिला?"

पस्तीस वर्षांत बंडलरावांना कोणी "काय झालं" विचारलं आणि तोंड उघडलं नाही, असं कधी झालं नव्हतं. आत्ताही आतून काहीतरी वर येऊ लागलं. एक वादळ येत होतं, एक तुटलेला पूल येत होता.

"तुम्ही थांबा," बाई म्हणाल्या.

बंडलराव थांबले.

"हिची पिशवी तीन वर्षांपूर्वी काढायला हवी होती," बाई घरमालकिणीला म्हणाल्या. "हे पत्ते खेळत बसले, उशीर झाला, आणि ते लपवायला एक थाप मारली. ती मी खरी धरली."

घरमालकीण कमरेत सरळ झाली. तिने बंडलरावांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, कपडा बेतण्याआधी बघावं तसं.

"आणि हेही इथेच राहणार का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "यांची गाडी खाली उभी आहे."