महानंदाची वाकळ

"हळू उतरव. कडब्याची पेंढी न्हाई ती," सरजाबाईंनी खालून दम भरला.

शिडीवरच्या अनुपमानं संदूक छातीशी धरली आणि गप एकेक पाय खाली टाकला. बावीस वर्षं सून म्हणून काढल्यावर तिला कळून चुकलं होतं, सासूला उत्तर दिलं की त्या बोलण्याला पिलं होतात.

स्वयंपाकघरावरचा तो माळा म्हणजे सरजाबाईंचा तोरा होता. झरी गावच्या उन्हाळ्यात पत्रे तव्यासारखे तापायचे, म्हणून अनुपमाच्या नवऱ्यानं, शिवप्रकाशनं, दोन वर्षांमागं पत्र्याखाली थर्माकोल ठोकून घेतला. "आता माळ्यावर ना ऊन, ना वल," असं तो म्हणाला आणि आईनं ते गल्लीभर केलं. "आमच्या माळ्यावर पापड ठिवा, सा महिन्यांनी बी कुर्रम वाजतील!"

संदुकीत महानंदाची वाकळ होती. सरजाबाईंची लेक एकोणिसाव्या वर्षी तापानं गेली. त्या उन्हाळ्यात आईनं तिचे कपडे उसवले. शाळेचा निळा स्कर्ट, पिवळा ड्रेस, पोपटी ओढणी. सगळं जोडून वाकळ शिवली. चौदा वर्षांत ती कुणाच्या अंगावर पडली नाही. दर उन्हाळ्यात तिला ऊन दाखवायचं आणि परत बांधून ठेवायची. यंदा सरजाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, वर चढायची मनाई. अनुपमा म्हणाली होती, "मी काढू का आत्याबाई?"

"हात लावलास तर मनगट सोलीन."

आणि काल जेवताना म्हातारीनं एकदम सांगून टाकलं. नात निकिता सोमवारी परभणीला नर्सिंगच्या होस्टेलवर जायची होती. "महानंदाची वाकळ पोरीला द्यायची."

संदुकीचं झाकण उघडलं आणि कुबट वास अंगावर आला.

"आरं देवा! हे थर्माकोलाचं पाप," सरजाबाई कडाडल्या. "शिवाला म्हनलं हुतं, पत्रा उघडा राहू दे. आन् तुझा कुकर! दिवसभर शिट्ट्या मारायलाय. सगळी वाफ वर चढली."

अनुपमानं वाकळीभोवतीचं खताच्या पोत्यातलं प्लास्टिक बाजूनं फाडलं. आतल्या बाजूनं पाण्याचे थेंब डवरले होते. वाकळीवर काळी बुरशी. उचलायला गेली तर पिवळा तुकडा हातातच फाटला. घडी उलगडली, तशी मधून काळा चिखल पडला. निंबाचा पाला. कापडावर पानापानाचा ठसा उठला होता, देठासकट, शिरांसकट.

सरजाबाईंनी त्या ठशावरून बोट फिरवलं.

मागच्या वर्षीचा दसरा त्यांना आठवला. घटस्थापनेआधी घरातलं एकूण एक पांघरूण धुऊन निघालं पाहिजे, हा त्यांचा नेम. आठ दिवस पाऊस हटेना. उद्यावर घट आलेले, आणि दोरीवर वाकळ तशीच. घरात धुणं लोंबकळत ठेवून घट बसवायचे? लोक काय म्हणतील? त्यांनी हात फिरवून बघितला, वरून कोरडं लागलं. झाडाचा ताजा पाला ओरबाडला, घडीत घातला, प्लास्टिकला तीन गाठी मारल्या. पाला आठ दिवस सावलीत वाळवून मग ठेवायचा, हे गल्लीतल्या सुनांना शिकवणारी बाई तीच.

प्लास्टिकवरच्या त्या तीन गाठी अजून तशाच होत्या. त्यांच्याच हातच्या.

"पाला वला हुता गं," त्या म्हणाल्या. "वाकळ बी. मीच ठिवली."

"मला ठावं हाय," अनुपमा म्हणाली. "मी चुलीपाशीच हुते तवा."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी कदी बोलू दिलं, आत्याबाई?"

सरजाबाईंनी चष्मा पुसला आणि वाकळ इंच इंच चाचपली. एका कोपऱ्यात पोपटी ओढणीचा वीतभर तुकडा धड निघाला. तेवढा कातरून घेतला. तीनदा हुंगला.

"निकितासाठी तू गोधडी शिवायलीस ना? हे लाव तिच्यात."

"तुमी लावा की. माझा टाका म्हंजी बैलाचं पाऊल म्हनता तुमी."

"म्हनते. तरी तूच लाव. मला सुई दिसंना."

सुई त्यांना दिसत होती. परवाच त्यांनी नातीच्या ओढणीला काठ लावला होता. अनुपमानं तुकडा घेतला आणि आत गेली.

बाकीची वाकळ परसात नेऊन सरजाबाईंनी स्वतः खड्डा घेतला, कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. मग हात धुऊन रिकामी संदूक अंगणात ओढली, झाकण उघडून उन्हात ठेवली. समोरची शेजारीण थांबली. "काय वाळवायलाव, आक्का?"

"संदूक."

"रिकामीच हाय की."

"मग? रिकामीला वल लागत न्हाई व्हय?"

श्रावणातलं ऊन, घडीत होतं, घडीत नव्हतं. भिंतीची सावली पुढं आली की सरजाबाई उठत, संदूक वीतभर सरकवत आणि पुन्हा पायरीवर बसत.