नोएलीनच्या टॅक्सीचं इंजिन

मित्रांनो, ज्या गाडीत मला बसवलेलं आहे तिच्या दारावर अजूनही पुसट अक्षरांत 'टॅक्सी' असं वाचता येतं. मी त्या टॅक्सीचं जुनं इंजिन. माझ्यात सहा सिलिंडर आहेत, एकामागे एक, शाळेच्या रांगेत उभे केल्यासारखे. आठ सिलिंडरवाली इंजिनं दोन रांगांत असतात आणि ढग गडगडावेत तशी बोलतात. माझा आवाज शिलाई मशीनसारखा आहे असं मला दुरुस्त करणारा मर्व्ह म्हणतो. तो हे कौतुकाने म्हणत नाही.

माझा जन्म समुद्रकाठच्या एका कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं. त्या दिवशी माझ्यासारखे शेकडो जन्मले, त्यामुळे कुणी पेढे वाटले नाहीत. एका पांढऱ्या गाडीत बसून मी मुंडाबिलला आलो. मुंडाबिलला गहू आहे, मेंढ्या आहेत, दोन पब आहेत आणि एक दवाखाना आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना या सगळ्यांतून नेण्या-आणण्याचं काम टॅक्सीचं, आणि टॅक्सी चालवण्याचं काम नोएलीन हॅचरचं.

एकोणीस वर्षं तिने मला चालवलं. ती माझ्यावर कधी खेकसली नाही, थंड असताना कधी पळवलं नाही, आणि तेल बदलायची तारीख तिने एकदाही चुकवली नाही. तिचा एक गुण साऱ्या गावाला माहीत होता.

"किती वेळ लागेल गं, नोएलीन?" डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालेल्या डॉब्सबाई मागून विचारायच्या.

"अकरा मिनिटं. मेंढ्या आडव्या आल्या तर चौदा."

आणि अकरा म्हणजे अकराच. घड्याळाकडे ती बघायची नाही. माझ्या आवाजावरून तिला कळायचं. उतरताना डॉब्सबाईंचे यजमान बोनेटवर थाप मारायचे, घोड्याला मारावी तशी. मला ते फार आवडायचं.

पुढे मालकाने टॅक्सीचा धंदा बंद केला. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ देण्याऐवजी त्याने नोएलीनला गाडीच देऊन टाकली. तिने ती घरामागच्या लोकर कातरायच्या जुन्या शेडमध्ये लावली, आणि तिथे मी तीन वर्षं पडून राहिलो. हवा आत घेणाऱ्या माझ्या नळीत उंदरांनी वर्तमानपत्र कुरतडून घरटं केलं. बॅटरी मेली. पाण्याच्या नळ्यांना गंज चढला. त्या तीन वर्षांत नोएलीन शेडमध्ये यायची ती कोंबड्यांचं खाणं घ्यायला. येताना माझ्याकडे बघायची नाही. मला वाटायचं, रागावली असेल. आता कळतं, तिचंही तसंच झालं होतं. रोज उठून कुठे जायचं हेच उरलं नव्हतं.

शेड तिच्या भावाची, मर्व्हची. मर्व्ह म्हणजे बासष्ट वर्षांचा, लोकर कातरायची यंत्रं दुरुस्त करणारा, हातात पाना नसला की हात कुठे ठेवावेत हे न कळणारा माणूस. दोघं भावंडं आईवडिलांच्या घरात राहतात आणि दिवसभर एकमेकांना बोलत असतात.

गावाबाहेर जुन्या विमानतळाची धावपट्टी आहे. तिथे महिन्यातून एकदा घरी बनवलेल्या गाड्यांची शर्यत असते. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा झाला की सुटतात, पाव मैल सरळ जातात, आणि जिंकणारा पुढच्या फेरीत जातो. बस, एवढंच. नोएलीन तिथे आग विझवणाऱ्या पथकासाठी निधी म्हणून पावात सॉसेज आणि कांदा घालून विकायची. एका रविवारी घरी आल्यावर ती म्हणाली, "मर्व्ह, मला टॅक्सी शर्यतीत उतरवायचीय."

मर्व्ह इतका हसला की त्याचा चहा नाकातून आला.

"सहा सिलिंडर? अगं, तुझ्याआधी कोंबडी पोचेल."

"पोचू दे. तिथे नुसतं जोरात पळणाऱ्याला बक्षीस नाही. आपली गाडी किती सेकंदांत जाईल ते आधी काचेवर लिहायचं. हळू गाडीला तेवढं आधी सोडतात. आणि लिहिल्यापेक्षा लवकर पोचलास तर तू बाद. मी दहा वर्षं सॉसेज भाजत बघतेय, सगळे तिथेच मार खातात."

"आमच्या वेळी असले लाड नव्हते. जो पुढे तो जिंकला."

"तुमच्या वेळी तू एकदा तरी जिंकलास का?"

यावर मर्व्ह उठून कोंबड्या बघायला गेला.

पण त्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक आठ सिलिंडरचं इंजिन होतं. उलटलेल्या एका गाडीतून त्याने ते काढून आणलं होतं आणि कित्येक वर्षं त्याला गाडी शोधत होता. तेव्हा त्याने अट घातली. गाडी नोएलीनची, पण शेड, हत्यारं आणि मेहनत त्याची. हा एक मोसम सहा सिलिंडरवर काढायचा. मोसमभरात एकदा तरी शेवटची फेरी जिंकली, तर मी राहणार. नाही जिंकली, तर मला काढून ताडपत्रीखालचा तो बसवणार.

"कबूल," नोएलीन म्हणाली.

मला कुणी विचारलं नाही. इंजिनाला विचारायची पद्धत नाही.

मग मर्व्हने मला खोललं. उंदरांचं घरटं काढलं, गंज काढला, नवे वॉशर घातले. बंद पडलेल्या दूध डेअरीतला स्टीलचा पाइप कापून, जोडून त्याने मला श्वास घ्यायला नवी वाट केली आणि तिच्यावर हवेत पेट्रोल मिसळणारे तीन कार्बोरेटर भंगारातून आणून बसवले. मागची बाकं काढली, गाडी उलटली तर नोएलीन वाचावी म्हणून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा केला. तोंडाने तो मला शिलाई मशीनच म्हणत होता, पण हात मात्र तसं म्हणत नव्हते.

पहिल्या तीन शर्यतींत आम्ही सपाटून हरलो. नोएलीन हिरव्या दिव्याची वाट बघायची, आणि तो दिसून पाय दाबेपर्यंत उशीर व्हायचा. एकदा घाईत दिव्याआधीच सुटली. शेजारच्या रांगेतला टायनी पॅस्को म्हणाला, "नोएलीन, मीटर पाडलंस का?" टायनी म्हणजे चिमुकला. सव्वासहा फुटांच्या माणसाला चिमुकला म्हणायची इथली रीत आहे.

"पाडलंय," ती म्हणाली. "तुझ्या घरापर्यंतचं बिल पाठवते."

चौथ्या शर्यतीपासून ती हिरव्याआधीचा पिवळा दिवा बघूनच निघू लागली, आणि काचेवर आकडा लिहिण्याआधी माझा आवाज ऐकू लागली. हवा गरम असेल तर मी जड चालतो, गार असेल तर हलका. तिला ते सगळं माहीत होतं. काचेवर पांढऱ्या शाईने ती लिहायची चौदा पूर्णांक नव्वद, आणि आम्ही जायचो चौदा ब्याण्णव. लिहायची चौदा पंच्याऐंशी, आणि जायचो चौदा सत्त्याऐंशी. पाचव्या शर्यतीत आम्ही दोन फेऱ्या जिंकलो. सहाव्या शर्यतीला पाऊस आला. मग उरली मोसमातली शेवटची.

त्या दिवशी आम्ही तीन फेऱ्या जिंकून शेवटच्या फेरीत पोचलो. समोर टायनी, आठ सिलिंडर, काचेवर बारा पंचवीस. आमच्या काचेवर चौदा ऐंशी. म्हणजे आम्हाला अडीच सेकंदांहून थोडं जास्त आधी सोडणार. मध्ये पाऊण तास होता. नोएलीन हेल्मेट सीटवर ठेवून बायकांच्या संडासाच्या रांगेत गेली. तिथे तिला डॉब्सबाई भेटल्या, आणि डॉब्सबाई भेटल्या की पाऊण तास पुरत नाही.

मर्व्ह माझ्याजवळ एकटाच उरला. बोनेट उघडं. हातात काही नाही.

आधी त्याने माझा एअर फिल्टर उचलून बघितला. धुळीने आणि गवताच्या कुसळांनी तो चिकटला होता. "अरेरे, काय ही दशा," तो म्हणाला, आणि टायनीकडून हवेची नळी मागून त्याने तो झटकून स्वच्छ केला. मग म्हणाला, "आता बघतोच आहे तर..." आणि खिशातून सहा नवे स्पार्क प्लग काढले. सकाळपासून ते त्याच्या खिशात होते. जुने काढले, नवे घातले. ठिणगीची वेळ केसभर पुढे केली. बोनेट लावलं, वर थाप मारली आणि समाधानाने शिट्टी वाजवत पाय मोकळे करायला गेला.

मित्रांनो, मला एरवी किती आनंद झाला असता! पण काचेवर चौदा ऐंशी लिहिलेलं होतं. ते धुळीने गुदमरलेल्या इंजिनाचे चौदा ऐंशी होते. मर्व्हच्या डोक्यात आयुष्यभर एकच शर्यत होती, जिच्यात पुढे असणारा जिंकतो. खराब भाग दिसला आणि त्याचे हात थांबले नाहीत, एवढीच त्याची चूक. मला तोंड असतं तर सांगितलं असतं. नाही.

नोएलीन धावत आली, हेल्मेट घातलं, पट्टे आवळले. तिने मला सुरू केलं आणि क्षणभर मान तिरकी केली. काहीतरी ऐकू आलं तिला. पण माणसं हात हलवून पुढे बोलवत होती.

हिरवा दिवा. आम्ही सुटलो, आणि मी पळालो. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी असा कधी पळालो नव्हतो. धाप लागतच नव्हती, आणि तीच तर पंचाईत होती. दुसरा गिअर. तिसरा. आरशात टायनी दिसत होता, पण लांब, फारच लांब. एवढा लांब तो असायला नको होता. नोएलीनने आरसा बघितला. तिचा पाय वेगाच्या पेडलवर होता आणि तो जरासा उचलला की सगळं ठीक होणार होतं.

तिने तो उचलला नाही.

आम्ही पहिले पोचलो. आणि जिंकल्याचा दिवा लागला तो टायनीच्या रांगेत. आमच्या फळ्यावर आकडा आला: चौदा एकसष्ट.

परतीच्या वाटेवर तिने मला हळू चालवलं, मेंढ्या आडव्या आल्यासारखं. मर्व्ह पांढऱ्याफटक चेहऱ्याने उभा होता.

"फिल्टर मी साफ केला," तो म्हणाला. "प्लगही बदलले."

"मला वाटलंच."

"मला वाटलं, तुला बरं पडेल."

"तू कधी विचारतोस का रे? आईचं कपाट रंगवलंस, तेव्हा विचारलंस? माझा पोपट शेजाऱ्यांना देऊन टाकलास, तेव्हा विचारलंस?"

"पोपट चावायचा."

"तुला चावायचा!" ती ओरडली. मग हेल्मेट काढून बोनेटवर बसली. टायनी बक्षिसाचा कप घेऊन जवळ आला, या दोघांची तोंडं बघून तसाच मागे फिरला.

"मला अर्ध्या वाटेतच कळलं होतं," नोएलीन म्हणाली. "पाय उचलायचा होता. समजत होतं. पण मर्व्ह, हा असा पळतो हे मला माहीतच नव्हतं. एकसष्ट वर्षांची झाले मी. म्हटलं, हरू दे, पण एकदा पाहू दे." ती उठली. "तेव्हा हरले. शब्द म्हणजे शब्द. काढ याला."

सोमवारी मर्व्हने मला उचलायला छताला चेनपुली अडकवली. ताडपत्री दूर केली. माझे पाण्याचे पाइप सोडले, बोल्ट सैल केले. नोएलीन दारात चहाचा कप धरून उभी होती. ती आत आली नाही, पण गेलीही नाही. मी मनात म्हटलं, चला, गंजणं आपल्याला नवीन नाही.

मर्व्हने वेळ छापलेली शर्यतीची चिठ्ठी खिशातून काढली. तेलकट अंगठ्याने ती सरळ केली आणि पुन्हा वाचली.

"चौदा एकसष्ट," तो स्वतःशीच म्हणाला. "एका फिल्टरवर आणि प्लगवर."

"वाचून झालं असेल तर काढ," दारातून आवाज आला.

"थांब गं. तिसरा कार्बोरेटर मी कधी नीट लावलाच नाही. त्याला उघडलं तर..." तो वाकून माझ्या आत डोकावला. "हा चौदा पन्नासच्या खाली येईल, नोएलीन."

"अट होती मर्व्ह."

"अट माझी होती. मी मोडतो. हळू आहे म्हणून काढणार होतो ना याला? फार पळाला म्हणून हरलेल्याला काढायला मला नाही जमत. तो पाना दे इकडे."

तिने कप ठेवला आणि पाना दिला. त्याने बोल्ट परत आवळले. आठ सिलिंडरवाला पुन्हा ताडपत्रीखाली गेला. मला त्याची कीव येते, कारण पडून राहणं काय असतं ते मला माहीत आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही मुकाट्याने काम करणारं काही असेल. पंखा असेल, सायकल असेल, एखादं माणूसही असेल. त्याची धूळ झटका, त्याला वेळेवर तेल द्या, त्याला कोपऱ्यात टाकू नका. पण आणखी एक सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. ज्याची काळजी घ्याल, त्याच्या भरवशावर जो निघाला आहे त्याला आधी सांगा. न सांगता केलेल्या भल्यानेही माणूस हरतो.

मर्व्ह आता सांगतो. स्क्रू अर्धा फिरवला तरी शेडमधून घरापर्यंत ओरडून सांगतो.

"नोएलीन! तिसरा उघडतोय गं!"

"ऐकलं रे," स्वयंपाकघरातून उत्तर येतं. "थांब, मी येतेय. मी आल्याशिवाय हात लावू नकोस त्याला."