डावी कूस

सिस्टरने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या उजव्या खुब्यावरच्या लाल डागावर बोट दाबलं, दोन-तीन क्षण धरलं आणि उचललं.

"कातडी ठीक असेल तर जागा पांढरी पडते, मग पुन्हा लाल होते," ती म्हणाली.

डाग लालच्या लालच राहिला. सुनेने दाराकडे पाहिलं.

दारात नणंद हाताची घडी घालून उभी होती. तिने गेल्याच आठवड्यात बजावलं होतं, अंगावर एक जरी जखम दिसली तरी आईला शुश्रूषागृहात हलवणार. ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं आणि भेटायला आठवड्यातून दोनदा सोडत. हे ऐकल्यापासून सासऱ्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं. आत्ताही ते खिडकीपाशी आपल्या खुर्चीत जमिनीकडे बघत बसले होते.

सिस्टरने हातातल्या तक्त्यावर आकडे मांडले. हालचाल जवळजवळ नाही, बोलणं नाही. चादर मात्र कोरडी, पोटात अन्न चांगलं जातंय.

"पडून राहून जखमा व्हायचा धोका मोठा आहेच. पण मग एकाच बाजूला का? कूस बदलता ना?"

"दर दोन तासांनी," सून म्हणाली आणि तिने कपाटावर चिकटवलेला कागद दाखवला.

सकाळ-संध्याकाळच्या खुणा तिच्या होत्या, घाईच्या, वाकड्यातिकड्या. दुपारी ती वाचनालयात कामाला जाई, तेव्हाच्या खुणा सासऱ्यांच्या, पट्टीने आखल्यासारख्या. उभा जन्म स्टेशनमास्तर म्हणून गाड्यांच्या वेळा लिहिण्यात गेलेला. मास्तरांचं घड्याळ चुकलं तर सूर्याला उशीर झाला समजावं, असं घरात चेष्टेने म्हणत.

सिस्टर वाचू लागली. "अकरा, पाठ. एक, उजवी. तीन, डावी."

सुनेची नजर तीनवर अडकली. आज सव्वातीनला ती घरी आली तेव्हा सासूबाई उजव्या कुशीवर होत्या, खोलीकडे तोंड करून. तिने स्वतः त्यांच्या कपाळावरून हात फिरवला होता. आता सगळं लख्ख कळलं आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं. खरं बोलावं तर म्हाताऱ्याची लेकीसमोर मान खाली जाणार.

"माझ्याकडूनच राहिलं असेल," ती म्हणाली. "सकाळी फार घाई होते."

"वाटलंच होतं मला," नणंद म्हणाली. "आता पुरे, वहिनी. उद्याच नेते मी आईला."

"नोंद खोटी आहे." सासरे उठून उभे राहिले होते. "दुपारची. मी केलेली."

ते पलंगाकडे वळले.

"डावीकडे वळवलं की तिच्यापुढे नुसती भिंत. तिला बोलता येत नाही, मला तिचा चेहरा दिसत नाही. दोन तास फार होतात गं."

नणंदेच्या हातांची घडी सुटली. सिस्टरने पलंगाकडे पाहिलं. त्याची डावी बाजू भिंतीला चिकटलेली होती.

"कातडी अजून फुटलेली नाही," ती म्हणाली. "या उजव्या बाजूला भार दिला नाही तर डाग उतरेल. तीन दिवसांनी येऊन बघते. आणि हा पलंग ओढा जरा इकडे."

सून आणि सिस्टरने पलंग सरकवला, मग चादर धरून सासूबाईंना हलकेच डाव्या कुशीवर घेतलं. सासरे कपाटापाशी गेले. तीनची नोंद त्यांनी एका रेघेने खोडली, घड्याळ पाहिलं आणि खाली लिहिलं, तीन पन्नास, डावी. पेनाचं टोपण लावायला त्यांना बराच वेळ लागला.

तोवर नणंदेने खिडकीजवळची वडिलांची खुर्ची उचलली होती. ती भिंतीच्या आणि पलंगाच्या मधे शिरेना. तिने आडवी करून पाहिली, तिरकी करून पाहिली. मग खुर्ची खाली ठेवली, पदर खोचला आणि पलंग आणखी वीतभर ओढला.