भुईखालचा विस्तव

गेणू भोळा होता असं कुणी म्हणत असेल तर म्हणो बापडं. भोळा नव्हता, हट्टी होता. आणि बायकोवर त्याचा भारी जीव, ही त्याहून मोठी अडचण.

दर दिवाळीनंतर कोंडाबाई डोंगर उतरून नारायणगावला द्राक्षाच्या बागांत मजुरीला जायची, ती पार उन्हाळा लागल्यावर परत. तेवढे महिने गेणूला घर खायला उठायचं. "यंदा तुला जाऊ देत न्हाई," असं तो वीस वर्षं म्हणत होता, आणि ती वीस वर्षं जात होती.

दोन हजार चारच्या दिवाळीत ती गेली आणि याने कुदळ उचलली. गावावरच्या पाणथळीत झऱ्याचं पाणी बारमाही साचायचं, काळ्या गाळात म्हैस पोटापर्यंत रुतायची. गेणूने एकट्याने चर खणून ते पाणी ओढ्यात सोडलं. तिथं भाताचं खाचर काढायचं, मग कोंडाबाईची बाग बंद! चैत्रात गाळ वाळून भेगाळला. कोंडाबाई परतली, आणि रोपांसाठी सगळा डोंगर करतो तेच याने केलं. शेण, पालापाचोळा पसरून राब पेटवला.

राब अर्ध्या दिवसात विझतो. हा विझेना. चौथ्या दिवशी दहा पावलं लांबून, जिथं राब नव्हताच तिथून धूर निघाला, आणि बघायला गेलेल्या कोंडाबाईचा पाय भुसकन आत जाऊन भाजला.

"अगं आई गं! अवो, ही भुईच पेटलीया!"

पुण्याची संशोधक बाई इंद्रायणी दोन वर्षं या गाळात पोकळ नळी खुपसून नमुने न्यायची. निरोप मिळताच ती आली. ओरडली नाही, पण तिचे डोळे भरले.

"गेणूभाऊ, ही नुसती माती नाही. पाण्याखाली न कुजता राहिलेला पाला आणि मुळं आहेत. वीतभर साचायला पाचशे वर्षं लागतात. झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन इथं पुरलेला होता, तो आता धूर होऊन परत चाललाय. त्यानंच हवा तापते, पाऊस बिघडतो."

"म्हंजे भरलेली कणगी व्हती," कोंडाबाई म्हणाली, "अन् आमच्या ह्यांनी तिला काडी लावली. करायला गेले गणपती अन् झाला मारुती."

"घागरींनी विझणार नाही. चर बुजवा, झऱ्याचं पाणी पुन्हा साचू द्या. पण मग खाचर होणार नाही," इंद्रायणी म्हणाली.

"न्हाई बुजवायचा!" गेणू एकदम भडकला. "मग हिनं मरस्तवर बागंतच जायचं व्हय? चार-चार म्हैनं मी भिताडांशी बोलतो, ते कुणाला दिसत न्हाई!"

कोंडाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "माज्यासाठी? अन् मला वाटलं, तुमाला भाताची हाव सुटली." तिला रडू आलं आणि हसूही. मग पाय फडक्यात बांधून तिने फावडं घेतलं आणि लंगडत चरात उतरली.

"सर बाजूला," गेणूने फावडं हिसकावलं. "भाजलेल्या पायानं म्हणं चर बुजवती!"

दोन दिवस खपून चर बुजला. पाणी हळूहळू चढलं, भुई फुसफुसली आणि पाचव्या दिवशी गार झाली. खाचर गेलं ते गेलंच.

पुढची दिवाळी सरली. कोंडाबाईने गाठोडं बांधलं, तर शेजारी गेणू आपलं धोतर घडी करत बसलेला.

"तुमी कुटं निघाला?"

"बागंत. कात्री धरता येती मला."

"अवो, समदे हसतील! बायकूच्या मागं मागं आला म्हणतील."

"म्हणू दे की," गेणू म्हणाला. "खरंच हाय ते."