रामरावांनी चाखलेली बिअर

सोमेश्वरचं नाक आता फक्त चष्मा टेकवायच्या कामाचं उरलं होतं. दीड वर्षापूर्वी वडील, रामराव बापू, गेले. त्या दिवशी गोवऱ्यांचा धूर नाकात शिरला, आणि तेव्हापासून त्याला कशाचाच वास आला नाही. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण संभाजीनगरच्या एका लहानशा ब्रुअरीत तो बिअर चाखून पास-नापास करायच्याच नोकरीला होता.

पेला उजेडात धरायचा, नाक आत घालायचं, डोळे मिटून म्हणायचं, "भाजलेलं जव जरा पुढं आलंय." सगळे माना डोलवायचे. जव कुठं ना कुठं पुढं आलेलंच असतं.

पण उद्या अंबर एल, म्हणजे त्यांची तांबूस बिअर, बंगळुरूच्या स्पर्धेला जाणार होती. घाणे दोन होते, म्हणजे दोन वेगवेगळ्या वेळी बनवलेली तीच बिअर. एकच पाठवायचा होता. चुकीचा गेला तर बिअरच्या आधी नाक उघडं पडणार. म्हणून पित्राच्या जेवणाला हसनाबादला येताना त्यानं दोन्ही घाण्यांची एकेक बाटली पिशवीत टाकली.

रामराव तीस वर्षं जुन्या जालन्याच्या आडतीत धान्य पारखायचे. ज्वारीचा दाणा दाताखाली धरला की गाव सांगायचे, विहीर सांगायचे, पोत्याच्या पोटात ओल आहे का तेही सांगायचे. दारूच्या वाटेला कधी गेले नाहीत. पोराच्या नोकरीवर एकदाच बोलले होते, "नासलेलं पानी पास करतो म्हनं."

स्लॅबवर पित्राचं ताट ठेवताना सोमेश्वर आईला म्हणाला, "माय, ह्या बाटल्या बी ठिवू का?"

"आरं, त्यांनी जिंदगीत थेंब न्हाई घेतला."

"मंग आता काय बिघडनार हाय?"

उषाबाईंनी बराच विचार केला. "ठिव. पन खिरीपासून लांब."

त्यानं दोन पेले भरले, प्रत्येकामागं आपापली बाटली ठेवली. कावळे आले, कठड्यावर ओळीनं बसले. ताटाला एकही शिवेना. ते ताटाच्या शेजारी बघत होते. आधीची पंगत उठायची वाट बघावी तसे.

मायलेक खाली जाऊन थांबले. ऊन एवढं कडक, तरी जिन्यात गारठा होता.

अर्ध्या तासानं सोमेश्वर वर आला. पहिल्या पेल्यापुढं ज्वारीचा अर्धा दाणा पडला होता. दातानं तोडलेला, सरळ. घरात ज्वारी संपून महिना झाला होता.

लहानपणी आडतीत त्यानं पाहिलं होतं, बापू पोत्यावर असाच अर्धा दाणा ठेवायचे. म्हणजे पास! पहिली बाटली छातीशी धरून तो ओरडला, "माय, बापूनं पास केली!"

उषाबाई वर आल्या. दाणा तळहातावर घेऊन त्यांनी उलटापालटा करून बघितला.

"येड्या, अर्धा दाना ते नापास पोत्यावर ठिवायचे. मालकाला दाखवाया, का बघ, आतून कसा हाय. चांगला दाना कोन परत देतं? गिळून टाकायचे."

दोघांनी हळूच दुसऱ्या पेल्याकडं पाहिलं. कोरडा. मागची बाटलीही कोरडी. स्लॅबवर सांडल्याचा डाग नाही.

"सगळी?" उषाबाई म्हणाल्या.

"सगळी."

"जेवायच्या आधी?"

तेवढ्यात कावळे ताटावर उतरले.

सोमेश्वरनं ब्रुअरीच्या मालकीण मोनाली मॅडमना फोन लावला. "दुसऱ्या घाण्याची पाठवा."

"नक्की? नीट चाखली?"

"पुरी बाटली संपली, मॅडम."

संभाजीनगरला परतायला दुपारच्या भोकरदन एसटीत तो बसला. शेजारची सीट रिकामी होती. हसनाबाद मागं पडलं तसा वाहक आला आणि थबकला.

"ओ भाऊ, पिऊन गाडीत बसायचं न्हाई."

"मी थेंब बी न्हाई घेतला."

"मंग वास कशाचा येऊन राह्यला?"

सोमेश्वरनं सवयीनं नाक पुढं केलं, दीड वर्ष देखाव्याला करत होता तसं. आणि वास आला. भाजलेलं जव. करपायच्या बेतातला गूळ. मागून संत्र्याच्या सालीचा कडवटपणा. त्याच्याही खाली गोणपाट, ज्वारीची धूळ आणि धुतलेलं धोतर. सगळा वास शेजारच्या सीटवरून येत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण नाक त्यानं पुसलं नाही. पुन्हा जाईल म्हणून.

"दोन द्या," तो म्हणाला. "एक अर्धं. ज्येष्ठ नागरिक."

"कार्ड?"

"मृत्यूचा दाखला चालंल का?"

वाहकानं रिकाम्या सीटकडं पाहिलं. जड माणूस बसल्यावर दबतं तसं तिचं रेक्झिन दबलेलं होतं. त्यानं मशीनमधून गपचूप दोन तिकिटं काढली आणि अर्धं तिकीट जपून त्या सीटवर ठेवलं.