केसरबाईंचं मुखपृष्ठ

मी ब्रह्मपुरीतला एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर आता थकलो आहे. बॅटरी केव्हाच गेली. पंखा एवढा घरघरतो, की शेजारीण विचारते, गिरणी टाकली का?

माझी मालकीण सरिता. लोकांची पुस्तकं टाइप करायची, त्यांचं ई-बुक तयार करायचं, मुखपृष्ठ रंगवायचं आणि इंटरनेटवरच्या दुकानात चढवायचं, हे आमचं काम. नवा होतो तेव्हा ती मला मऊ कापडाने रोज पुसायची. आता माझ्या अंगावर धूळ असते आणि कधीकधी चहाचा कपही.

यंदा केसरबाई आल्या. झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांची उभी हयात गेली. त्यांनी सांगितलेल्या आठवणी सरिताने टाइप केल्या. नजर पार जाण्याआधी बाईंना पुस्तक डोळ्यांनी पाहायचं होतं.

आमच्याकडे नाटकाच्या पोस्टरवर पेटीवाल्यासकट सगळ्यांचे चेहरे लागतात. एक राहिला तरी रुसवा. केसरबाईंनी तसेच सगळ्यांचे फोटो आणले, सरिताने तसेच मुखपृष्ठावर बसवले. पण मोबाइलवर मुखपृष्ठ नखाएवढं दिसतं. चेहऱ्यांची मोहरी झाली आणि दुकानाने चित्र परत पाठवलं. मग सरिताने बाकीचे पुसून बाईंचा एकच चेहरा मोठा केला. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

बाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"बाकीचे मेले म्हनून काढले का वं?"

सरिताने समजावलं, की एवढ्याशा चित्रात कोणीच दिसत नाही.

"मंग माहाबी काढ. मी एकली कुठी नाचलो?"

सरिताने तोही चेहरा पुसला. मला माझ्या कंटाळ्याची लाज वाटली. शेवटी मुखपृष्ठावर नुसता रिकामा रंगमंच आणि पुस्तकाचं नाव राहिलं. आत मात्र प्रत्येक चेहऱ्याला अख्खं पान मिळालं. एवढे फोटो उचलताना मी तापलो, मध्येच बंद पडलो, पुन्हा उठलो. बाई बाजूला बसून क्रम सांगत होत्या.

"माहा फोटो शेवटी ठेव. मी अजून जिती आहो."

पुस्तक चढलं. बाईंनी एकेक पान बोटाने मोठं करून पाहिलं. पेटीवाल्याच्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या.

आता सरिता नवा लॅपटॉप बघते आहे. तिचं बरोबरच आहे. मित्रांनो, जुनं यंत्र भंगारात द्यायला माझी ना नाही. फक्त त्याआधी एकदा ते सुरू करा आणि आत कोण कोण आहे ते बघा. आधी त्यांना बाहेर काढा. मी शेवटी.