रिकामी झाली की माझी

ताईबाईंनी हात आधीच पुढं करून ठेवला होता. बांगड्या कोपराकडं सारलेल्या, शीर वर आलेली, आणि चेहऱ्यावर सत्काराला बसलेल्या माणसाचा संयम.

"काय होतंय?" डॉक्टर मेघनानं विचारलं.

"तुमी बाटली लावा, मग सांगते."

"आधी सांगा, मग ठरवू."

"अशक्तपणा हाय."

मेघनानं नाडी पाहिली, जीभ पाहिली, खालची पापणी ओढून पाहिली. बाई साठीच्या. लोणी भापकरहून एस.टी.नं बारामतीला आलेल्या आणि स्टँडपासून दवाखान्यापर्यंत भर उन्हात चालत आलेल्या. अशक्तपणा असलाच तर तो एस.टी.ला असावा. मेघनानं तांब्यातलं साखर-मिठाचं पाणी पेल्यात ओतून पुढं केलं.

ताईबाईंनी पेल्याकडं पाहिलं. "ह्ये घरी बी मिळतंय."

"म्हणून तर देतेय."

"मग येवढं शिकून काय उपेग झाला?"

हा प्रश्न सध्या मेघनाला रोज कुणीतरी विचारत होतं.

आदल्या वर्षी, अठ्ठ्याण्णवला, सरकारनं दवाखान्याच्या कचऱ्याचा नियम काढला. दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष सर्जेराव, ज्यांना सगळा गाव आबा म्हणे, त्यांनी तो फार मनावर घेतला. पिवळ्या, लाल, निळ्या बादल्या आणल्या, नारळ फोडला, फोटो काढला. संध्याकाळी वॉर्डबॉय जोतीराम तिन्ही बादल्या मागच्या एकाच खड्ड्यात उपड्या करायचा आणि रॉकेल ओतून काडी लावायचा. बादल्यांचे रंग वेगळे, मोक्ष एकच. धूर सरळ बाळंतिणींच्या खोलीत शिरायचा आणि दोन दिवसांची पोरं म्हाताऱ्यांसारखी खोकायची.

"आबा, धूर बाळंतिणींच्या खोलीत येतो," मेघनानं सांगून पाहिलं होतं.

"खिडकी लावून घ्यायला सांगा."

"उन्हाळा आहे, आबा."

"मग उघडी ठेवा."

मग तिनं स्वतःच खड्डा पाहिला. जळायचं त्यात बरंचसं सलाईनच्या बाटल्या आणि नळ्या. त्यातल्या निम्म्या लावायलाच नको होत्या. पण इकडं बाटली टांगल्याशिवाय दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही. भेटायला येणारे पाहुणे आधी बाटलीकडं बघतात, मग पेशंटकडं. शिवाय बाटलीचे पैसे पेशंटनं भरलेले, म्हणून रिकामी झाली की ती त्याची, असा रिवाज. कुणी तेल ठेवायला नेई, कुणी रॉकेल. ज्या मागं राहत त्या खड्ड्यात. मेघनानं दोन हुकूम काढले. गरज नसताना सलाईन नाही, आणि रिकामी बाटली कापून भंगारात द्यायची, जाळायची नाही, कुणाला न्यायलाही द्यायची नाही.

धूर निम्म्यावर आला. पेशंटही आले निम्म्यावर.

"समोरचा डॉक्टर दारातच बाटली टांगतो," आबा म्हणाले. "माणसाला बसल्या जागी कळतं, इथं इलाज होतो म्हणून."

आणि आता या ताईबाई. आठवड्यात तिसऱ्यांदा.

"खरं सांगा," मेघना पेन खाली ठेवून म्हणाली. "कशाला हवी बाटली?"

ताईबाईंनी पदर सारखा केला. "डाळिंबं लावल्यात. पानी टँकरचं. येकेका रोपाला येक बाटली टांगलीया, थेंब थेंब पडतंय. शेवटच्या वळीला कमी पडल्या, तवर तुमी कापायला लावल्या."

"म्हणजे हिवाळाभर तुम्ही बाटलीसाठी सलाईन घेत होता?"

"फुकट कोन देतंय? आन् पानी बी आपल्याच अंगात जातंय की. वाया कुटं गेलं?"

एका रोपाला पाणी पाजायचं, तर त्याची वाट या बाईच्या शिरेतून जात होती, आणि त्या शिरेत सुई घालायला ती स्वतः पुण्याला पाच वर्षं शिकून आली होती.

रविवारी ती लोणी भापकरला गेली. उघड्या माळावर ट्रस्टच्या दवाखान्याहून मोठा वॉर्ड भरला होता. प्रत्येक रोपाशेजारी काठी, काठीला उलटी बाटली, बुड कापून वरून पाणी ओतायची सोय, खाली नळी. ताईबाई ओळीतून फिरत नळीवरची एकेक चकती फिरवून थेंब कमीजास्त करत होत्या. असा राउंड आबांच्या दवाखान्यात कुणी घेत नसे.

"ही नवी हाय, हिला हळू ठेवलंय. ही खादाड."

नळ्यांच्या टोकाच्या सुया मात्र तशाच मातीत रुतलेल्या होत्या, आणि ताईबाई अनवाणी.

"या सुया माणसांच्या अंगातून आल्यात, ताईबाई."

"माज्याच तर अंगातनं."

"सगळ्याच?"

ताईबाईंनी पाऊल मागं घेतलं. मेघना ऊन उतरेपर्यंत डब्यात सुया गोळा करत होती. शेवटच्या ओळीतली रोपं वाळून काड्या झाली होती. ती ओळ कुणाच्या हुकमानं वाळली, हे ताईबाईंनी काढलं नाही. उलट चहा दिला.

सोमवारी तिनं हुकूम बदलला. बाटली कापायची नाही. नळी नि सुई दवाखान्यातच राहील. बाटली धुऊन, टोपणाला भोक पाडून, त्यात सुती वात घालून द्यायची, पण ती फक्त सलाईन न मागणाऱ्यालाच.

पंधरवड्यात दवाखान्यासमोर रांग लागली. धडधाकट माणसं छातीला हात लावून सांगत होती, मला सलाईन नको. पणदऱ्याहून एक जण टेम्पो घेऊन आला आणि म्हणाला, आमच्या अख्ख्या वस्तीला नको. खड्ड्यावर गवत उगवलं. बाळंतिणींची खोली खिडक्या उघड्या टाकून झोपू लागली. आणि एक दिवस बाटल्या संपल्या.

"भरलेली कुणी घेत नाही," आबा टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, "आणि रिकामी सगळ्यांना पाहिजे. आता रिकामी आणायची कुठून, डॉक्टरीणबाई?"

मेघनानं डोकं धरलं. रोग बरा झाल्यानं औषध संपतं हे तिला ठाऊक होतं. औषधाचं वेष्टण संपल्यावर काय करायचं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

मेच्या मध्यावर ती इंदापूरला एका लग्नाला गेली, तिथला मठ्ठा प्याली आणि दुसऱ्या दिवशी ओपीडीतच आडवी झाली. उलट्या, जुलाब. दुपारपर्यंत उलट्या थांबल्या, तरी सिस्टर करुणानं स्टँड ओढून आणला आणि बाटली टांगली.

"मला पिता येतंय," मेघना म्हणाली. "साखर-मीठ-पाणी आण."

"आबा म्हणाले, डॉक्टरलाच बाटली लावली नाही तर लोक काय म्हणतील."

"आबांना सांग, खिडकी उघडी ठेवा."

करुणा हसू दाबत पाणी आणायला गेली. मेघनानं डोळे मिटले. उघडले तेव्हा पायथ्याशी स्टुलावर ताईबाई बसलेल्या होत्या. मांडीवर पिशवी, नजर वर बाटलीकडं.

"तुम्ही कधी आलात?"

"आत्ताच. जोतीरामनं सकाळीच कंडक्टरकडं निरोप धाडला, डॉक्टरीणबाईस्नी बाटली लावनार म्हनून. हाय ती गाडी धरली."

"मला लागणार नाही बाटली."

"व्हय," ताईबाई म्हणाल्या. "तुमचं बी खरं हाय."

त्या उठल्या मात्र नाहीत. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. खिडकीतून गरम वारा येत होता. धुराचा वास नव्हता.

"त्या शेवटच्या वळीतलं येकच ऱ्हायलंय," त्या खिडकीकडं बघत म्हणाल्या. "पानं गळाल्यात. पर सकाळी नखानं खरवडून बगितलं, आतनं हिरवं हाय."

करुणा पेला घेऊन आली. मेघना उठून बसली आणि तिनं तो तळापर्यंत संपवला, घोटाघोटानं, ताईबाईंना दिसेल असा. पेला खाली ठेवला. वर टांगलेल्या बाटलीकडं पाहिलं. सुस्कारा सोडला. मग मनगटावरचं घड्याळ काढून उशाशी ठेवलं, बाही वर सारली आणि हात पुढं केला.

करुणानं आधी रिकाम्या पेल्याकडं पाहिलं, मग हाताकडं.

"लाव," मेघना म्हणाली. "आणि सुई-नळी इथंच ठेवायची, ताईबाई. सांगून ठेवते."

"ठेवते की." ताईबाईंनी स्टूल जरा पुढं ओढलं. "तुमी सावकाश घ्या. मला घाई न्हाय. शेवटची गाडी साडेपाचला हाय."